आवाज कसला, यापेक्षा केव्हा?

कराडमधल्या एका निवृत्त शिक्षकांचं घर डोळ्यांसमोर आणा. दारात चौदा वर्षं वापरलेली, हाताने गिअर बदलायची छोटी गाडी. दिवाळीला पुण्याहून आलेली मुलगी बाबांबरोबर साताऱ्याला निघते. हायवेला लागल्यावर काटा ५० च्या पुढे जातो आणि गाडीच्या पोटातून घरघर सुरू होते.

‘‘बाबा, हा आवाज कसला येतोय?’’

‘‘कसला आवाज? अगं, जुनी गाडी आहे. थोडी कुरकुरणारच.’’

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये जाते. मिस्त्री एक चक्कर मारून येतो आणि निकाल देतो, ‘‘सर, गिअरबॉक्स गेला. खोलावा लागेल.’’ गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे दोन-तीन दिवस गाडी अडकणार, मजुरी लागणार, आणि आत काय निघेल ते वेगळंच. घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकून टाका. दुसरा म्हणतो, चालतेय तोवर चालवू. दोन्ही मतांमागे चूक मात्र एकच आहे. आवाज ऐकला सगळ्यांनी, पण त्याचं निदान कुणीच केलेलं नाही.

हे चित्र थोड्याफार फरकाने अनेक घरांत दिसतं. निदान चुकलं तर नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. चांगला गिअरबॉक्स विनाकारण खोलला जातो, किंवा चाकाचं झिजलेलं बेअरिंग महिनोन्‌महिने तसंच फिरत राहतं. पहिल्यात खिशाला फटका बसतो, तर दुसऱ्यात जिवाशी गाठ पडू शकते.

बाबांना का ऐकू आलं नाही?

बाबा खोटं बोलत नव्हते. झिजेचा आवाज एका दिवसात येत नाही, तो महिन्यागणिक कणाकणाने वाढतो. रोज तीच गाडी चालवणाऱ्याचा मेंदू त्या आवाजाला नेहमीच्या पार्श्वभूमीत ढकलून देतो. घरातल्या फ्रिजची घरघर पाहुण्याला जाणवते, घरच्यांना नाही, तसंच हे. म्हणून जुन्या गाडीत कधीतरी बसणाऱ्याने ‘आवाज येतोय’ म्हटलं, तर ते मनावर घ्यावं.

दुसरं कारण वयाचं. वय वाढतं तशी आंतरकर्णातल्या सूक्ष्म केसपेशींची संख्या घटते आणि बहुतेकांच्या बाबतीत आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. गिअरच्या दातांची बारीक शिट्टी किंवा कोरड्या बेअरिंगची किरकिर याच पट्टीत असू शकते. साठी ओलांडलेल्या आजोबांना ती ऐकू येत नाही आणि मागच्या सीटवरचा नातू मात्र कानावर हात ठेवतो, असं सहज होऊ शकतं. गाडी तपासताना एखादा तरुण कान सोबत असलेला बरा.

तिसरी अडचण सगळ्यांनाच येते. आवाज कुठून येतो हे मेंदू दोन कानांमधल्या फरकावरून ओळखतो. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानापर्यंत एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी वेळ उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्यावरून दिशा कळते. पण गाडीत आवाज नुसता हवेतून येत नाही. चाकापाशी उठलेलं कंपन सस्पेन्शनमधून पत्र्यात शिरतं. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पोलादात त्याच्या जवळपास पंधरा पट वेगाने. मग पायाखालची फरशी, दरवाजे, डॅशबोर्ड सगळंच थरथरू लागतं. त्यामुळे पुढच्या उजव्या चाकाचा आवाज मधोमध, गिअरच्या दांड्याखालून आल्यासारखा वाटू शकतो. ‘आवाज गिअरबॉक्सकडून येतोय’ ही साक्ष म्हणून फारशी विश्वासाची नसते.

‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’

शरीराच्या आवाजांनीही डॉक्टरांना असंच चकवलं होतं. १७६१ मध्ये व्हिएन्नातले डॉक्टर लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी रुग्णाच्या छातीवर बोटांनी ठोकून निदान करण्याची पद्धत मांडली. त्यांचे वडील खानावळवाले होते, आणि पिंपात दारू किती उरली हे ठोकून ओळखण्याची रीत त्यांनी तिथे पाहिली होती, असं सांगतात. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी कागदाची गुंडाळी करून एका रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. गॅरेजमध्ये लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरणारा मिस्त्री हेच तत्त्व वापरत असतो.

पण स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टर गप्प राहून नुसतं ऐकत नाही. तो म्हणतो, ‘श्वास घ्या, धरून ठेवा, आता सोडा.’ म्हणजे तो शरीराची स्थिती बदलतो आणि आवाज बदलतो का ते पाहतो. श्वास रोखल्यावर आवाज थांबला, तर तो श्वासाशी जोडलेला. थांबला नाही, तर शोध हृदयाकडे वळतो.

मॅन्युअल गाडीत ‘श्वास धरा’ म्हणण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते, ती म्हणजे क्लचचं पेडल. इंजिनची फिरकी क्लच प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाते, तिथून डिफरन्शियलमध्ये आणि एक्सलमधून चाकांत. क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते. न्यूट्रल केलं की गिअरबॉक्सचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा होतो. या दोन कड्या वापरून आवाज कोणत्या भागाचा आहे हे एक नट न खोलता बरंच हेरता येतं.

म्हणून ‘आवाज कसला आहे’ या प्रश्नाला दुय्यम महत्त्व द्यावं. घरघर, गुणगुण, खडखड हे शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. ‘आवाज केव्हा येतो आणि केव्हा जातो’ याचं उत्तर मात्र सगळ्यांचं एकच येतं.

उभ्या गाडीची तपासणी

गाडी मोकळ्या जागेत, सपाटीवर उभी करावी. हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, इंजिन सुरू करून पेडलवरून पाय काढावा आणि ऐकावं. मग पेडल सावकाश पूर्ण दाबावं. यातून तीन शक्यता निघतात.

पाय काढलेला असताना आवाज येतो आणि पेडल दाबल्यावर थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टवर जातो. न्यूट्रलमध्येही हा शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो. सलग गुरगुर असेल तर त्याचं बेअरिंग पाहायचं. मात्र हलकी खडखड असून इंजिनचा वेग थोडा वाढवताच ती नाहीशी होत असेल, तर मामला बहुधा सौम्य असतो. चार सिलेंडरच्या इंजिनात एका फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला ९०० फेऱ्या असतील, तर सेकंदाला ३० धक्के बसतात. या धक्क्यांनी गिअरचे मोकळे दात एकमेकांवर वाजतात. ते शोषण्यासाठी क्लच प्लेटमध्ये छोट्या स्प्रिंगा असतात. त्या सैल झाल्या किंवा ऑइल कमी झालं, की खडखड वाढते.

पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू होते, तर क्लचचं रिलीज बेअरिंग म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘क्लच बेअरिंग’ झिजलेलं असण्याची शक्यता मोठी. हाफ क्लचवर गाडी चालवण्याची आणि पेडलवर पाय टेकवून बसण्याची सवय त्याचं आयुष्य कमी करते. काही गाड्यांत हे बेअरिंग कायम टेकलेलं असतं. तिथे पेडलला हलकासा दाब देताच आवाज बदलतो.

पेडल दाबा किंवा सोडा, आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर बहुधा तो इंजिनच्या बाजूचा असतो. पाण्याचा पंप, अल्टरनेटर, पट्टा यांच्याकडे पाहावं. गिअरबॉक्सवर आळ घेण्याचं कारण नाही.

गिअर टाकताना होणारी ‘कर्रर्र’ ही तक्रार वेगळी. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स टाकताना दात घासत असतील, तर क्लच पुरता सुटत नाही. बाकी गिअर गुपचूप पडतात आणि फक्त दुसरा टाकताना घासतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असू शकते.

चालत्या गाडीची तपासणी

यासाठी सरळ, सपाट, रिकामा रस्ता हवा आणि सोबत ऐकून लिहून घेणारा माणूस हवा. पहिली चाचणी अशी : ताशी ४० किलोमीटरला तिसऱ्या गिअरमध्ये गाडी स्थिर ठेवावी, ऐकावं, मग त्याच वेगाला चौथा टाकावा. चाकांचा वेग तोच राहिला, इंजिनचा मात्र उतरला. आवाजाची पट्टी इंजिनबरोबर खाली आली, तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात. पट्टी तीच राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागच्या भागापासून चाकापर्यंत कुठेतरी.

दुसरी चाचणी : ५०-६० च्या वेगाला काही सेकंद न्यूट्रल करून गाडी नुसती वाहू द्यावी. आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच हळूहळू उतरला, तर चाकं, बेअरिंग, टायर आणि डिफरन्शियल हे संशयित उरतात. ही चाचणी घाटात, उतारावर कधीही करू नये, कारण तिथे इंजिनचा ब्रेक हवाच असतो. आणि किल्ली तर मुळीच बंद करू नये. इंजिन थांबलं की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत संपत जाते आणि स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो.

तिसरी चाचणी अ‍ॅक्सिलरेटरची. पाय दिल्यावर दातांच्या एका बाजूवर भार येतो, सोडल्यावर दुसऱ्या बाजूवर. दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा असं होत असेल, तर दातांची झीज पाहावी. शिट्टी एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्या गिअरची जोडी संशयित. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अ‍ॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीत आणखी एक खूण मिळते. त्यांच्या चौथ्या गिअरमध्ये शाफ्ट थेट जोडला जातो आणि भार दुय्यम शाफ्टवरून उतरतो. आवाज पहिल्या तीन गिअरमध्ये असून चौथ्यात गायब होत असेल, तर बोट त्या दुय्यम शाफ्टकडे जातं. याच गाड्यांत गाडी हलताना किंवा पुढे-मागे करताना ‘खटक्‌’ असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहतात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा ठरलेला आवाज म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना होणारी ‘कट-कट-कट’. हा बहुतेक वेळा एक्सलच्या बाहेरच्या टोकाचा सीव्ही जॉइंट असतो. त्याच्यावरचं रबरी बूट फाटलं, की आतलं ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत जातं आणि जॉइंट झिजतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळे शिंतोडे दिसणं ही या दुखण्याची पहिली खूण. तेव्हाच बूट बदललं, तर बऱ्याचदा जॉइंट वाचतो.

घरघरीमागचं गणित

छोट्या गाडीचं चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला नऊ-दहा फेऱ्या घेतं. टायरला एका जागी फुगवटा असेल, तर सेकंदाला तेवढेच ठोके बसतात. वेग कमी केला की ते ‘थप-थप’ असे जवळजवळ मोजता येतात. चाकाच्या बेअरिंगमध्ये डझनभर गोळ्या असतील आणि बाहेरच्या कड्यावर एक बारीक खड्डा पडला असेल, तर त्यावरून गोळ्या सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा जातात. एवढे ठोके सुटे ऐकू येत नाहीत, ते जोडून घरघर होते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असताना त्याच वेगाने फिरणाऱ्या ३० दातांच्या गिअरचे दात सेकंदाला १५०० वेळा एकमेकांना भिडतात, त्याची शिट्टी होते. म्हणून ठोका, घरघर आणि शिट्टी या तीन दुखण्यांची मुळं वेगवेगळी असतात. मोबाइलमधली ध्वनीची वारंवारिता दाखवणारी अ‍ॅप्स हाच आकडा पडद्यावर दाखवतात. फोन मात्र सोबतच्या माणसाने हाताळावा.

बेअरिंगला खड्डा पडतो तो पोलाद थकल्यामुळे. लाखो फेऱ्यांच्या दाबाने पृष्ठभागाखाली सूक्ष्म चीर जाते आणि खसखशीएवढा टवका निघतो. मग प्रत्येक गोळी तिथे आपटते आणि खड्डा वाढत जातो. पावसाळ्यात चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी नेली, तर सीलमधून पाणी आत जाऊन ग्रीस बिघडतं आणि ही प्रक्रिया लवकर सुरू होते. बेअरिंग फार झिजलं, की चाक डगमगू लागतं, आणि शेवटच्या टप्प्यात चाक जागेवर राहील याची खात्री देता येत नाही.

कोणतं चाक?

आधी टायरची शंका फेडावी. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज ठळकपणे बदलला, तर तो बहुधा टायरचा. रस्ता बदलूनही तोच राहिला, तर बेअरिंगचा संशय बळावतो.

मग रिकाम्या रुंद रस्त्यावर, बेताच्या वेगात गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे घ्यावी. एसटी डावीकडे वळते तेव्हा प्रवासी उजवीकडे कलतात, तसा गाडीचा भारही उजव्या चाकांवर जातो. डावीकडे घेताना घरघर वाढली, तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित, आणि उजवीकडे घेताना वाढली तर डाव्या बाजूचं. हा नियम बहुतेकदा खरा ठरतो, सदैव नाही. म्हणून शेवटची खात्री गॅरेजमध्ये चाक उचलूनच करायची. मिस्त्री चाक वर-खाली धरून हलवतो आणि खेळ आहे का पाहतो. मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवतो. खराब बेअरिंगची खरखर हाताला कळते, कानाला कळण्याच्या आधी.

खोलण्याआधी ऑइल

आवाज गिअरबॉक्सचाच ठरला, तरी तो लगेच उतरवायचा नसतो. आधी ऑइल पाहायचं. इंजिन ऑइलसाठी डॅशबोर्डवर दिवा असतो, पण गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी जुन्या साध्या गाड्यांत काहीच इशारा नसतो. एक्सलपाशी असलेलं छोटं ऑइल सील झिरपत राहतं, पातळी उतरते आणि कळतं तेव्हा बेअरिंग कोरडी पडलेली असतात. सीलचा खर्च किरकोळ असतो, पण त्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत गिअरबॉक्सएवढी होऊ शकते.

काढलेलं ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उजेडात पाहावं. चुंबकाला लागलेला करडा मऊ लेप नेहमीच्या झिजेचा. चमकणारे कण-तुकडे निघाले, तर दात किंवा बेअरिंग तुटत आहे. पिवळसर कण बहुधा पितळी सिंक्रो रिंगांचे. नवं ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचंच घालावं. जास्त दर्जाचं म्हणजे जास्त चांगलं, हा समज इथे चालत नाही. जीएल-४ सांगितलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ घातलं, तर त्यातली काही गंधकयुक्त रसायनं पितळेला त्रासदायक ठरू शकतात.

काही पथ्यं मात्र जिवाची आहेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. एक चाक उचलून, गाडी गिअरमध्ये टाकून ऐकण्याचा प्रयोग घरी करू नये. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे डिफरन्शियल मोकळ्या चाकाला काटा दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरवतं. सुरू इंजिनवर वाकताना ओढणी, गळ्यातली साखळी, सैल बाही सांभाळावी. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होऊन गुंगी येईपर्यंत तो कळतही नाही.

आता पुन्हा कराडच्या गाडीकडे. बाप-लेक रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर जातात. बाबा चालवतात, मुलगी ऐकते आणि लिहिते. उभ्या गाडीत आवाज नाही. गिअर बदलला तरी पट्टी तीच. न्यूट्रलमध्येही घरघर सुरूच. काँक्रीटवरही तशीच. डावीकडे घेताना वाढते, उजवीकडे घेताना जवळजवळ थांबते. अर्ध्या तासात वहीच्या पानावर पाच ओळी होतात.

सोमवारी हे पान त्याच मिस्त्रीच्या हातात जातं. तो ते एकदा वाचतो आणि गिअरबॉक्सचं नाव न घेता जॅक उचलतो. ‘‘सर, आधी पुढचं उजवं चाक बघू.’’